डोंगर कापून झालाय, मिरग जवळ आलाय: साइटवरची माती व्हाळात जाऊ नये म्हणून नेमकं काय करता?

लेव्हलट्यूब | २४ एप्रिल, रात्री १०:१०

मंडळी, पेडणे तालुक्यातल्या एका साइटवर मी इंजिनिअर आहे. प्लॉट साधारण ४,००० चौरस मीटरचा, सगळा उताराचा. रीतसर परवानगी घेऊन आतला रस्ता आणि दोन टप्पे कापून झालेत. वर पक्का जांभा लागला, पोकलेनचे दात घसरत होते. त्याखाली मात्र ती पांढरट-गुलाबी माती निघाली, ओली केली की हाताला साबणासारखी लागणारी. पायथ्याला व्हाळ (ओढा) आहे आणि व्हाळापलीकडे भातशेती.

मालकांनी विचारलं, "पावसात माती खाली जाणार नाही ना?" ठेकेदार म्हणाला, "खालून हिरवी नेट मारू, झालं." म्हणजे नर्सरीवाल्यांची शेडनेट बांबूला बांधायची. आजूबाजूच्या साइटवर हेच बघतोय, आणि पहिल्या मोठ्या सरीनंतर ती नेट कुठे जाऊन पडते तेही बघतोय.

थोडा हिशेब केला. एक मिमी पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. दिवसात १०० मिमी पडला, जे आपल्याकडे जुलैत नवल नाही, तर माझ्या प्लॉटवर चार लाख लिटर पाणी. दहा हजारी चाळीस टँकर. हे फक्त प्लॉटवर पडलेलं, वरच्या सड्यावरून (माथ्यावरच्या कातळाच्या पठारावरून) धावत येणारं वेगळंच. एवढ्या पाण्यापुढे शेडनेट?

कॉलम-बीमचं सगळं कोडमध्ये सापडतं. ह्या कामाला इथे गोव्यात कोण काय वापरतं, ते विचारायला धागा काढला. पावसात टिकलेलंच सांगा.

चिरेबंदी | २४ एप्रिल, रात्री ११:०२

भाऊ, नेट असते ती बघायला येणाऱ्यासाठी. मातीला तिचं काही देणंघेणं नाही.

मी ठेकेदार, त्यामुळे माझ्या बाजूने सांगतो. निविदेत खोदाई असते, भराव असतो, वाहतूक असते. "माती अडवणे" ही बाब मी अजून कुठल्या खासगी बिलात पाहिलेली नाही. ज्याचे पैसे मिळत नाहीत ते काम शेवटच्या दिवशी, उरलेल्या बांबूंनी, ज्याला दुसरं काही जमत नाही त्या माणसाकडून होतं. तुमच्या मालकांना आधी विचारा, वेगळे पैसे मोजणार का?

गाळमास्तर | २५ एप्रिल, सकाळी ७:३५

लेव्हलट्यूब, आधी एक करा. त्या गुलाबी मातीची एक मूठ लिटरभर पाण्याच्या बाटलीत टाका, खळाखळा हलवा आणि ऑफिसच्या खिडकीत ठेवून द्या. वाळू तुमच्या डोळ्यांदेखत, मिनिटा-दोन मिनिटांत तळाला जाईल. त्याहून बारीक गाळ तासाभरात बसेल, तळाशी दोन रंगांचे थर दिसतील. वरचं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही गुलाबीच असेल. मालकांना पत्र लिहिण्यापेक्षा ती बाटली त्यांच्या टेबलावर ठेवा.

कारण साधं आहे. कण दहापट बारीक झाला की शंभरपट हळू बसतो. २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) कण संथ पाण्यात एक मीटर उतरायला पाऊण तास घेतो. दोन मायक्रॉनचा चिकणमातीचा कण तीन दिवस घेतो, तेही पाणी ढवळलं नाही तर. उतारावरून धावणाऱ्या पाण्याला तीन दिवस कोण थोपवणार?

माझी उभी नोकरी डिचोली-सत्तरी पट्ट्यात खाणीवर गेली. डंपच्या (टाकाऊ मातीच्या ढिगाच्या) पायथ्याला दगडी भिंत, भोवती गारलँड ड्रेन म्हणजे वेढा घालणारा चर, पुढे एकामागून एक सेटलिंग पाँड म्हणजे गाळ बसायची तळी, अशी आमची रचना. भरड माल पहिल्या पाँडमध्ये बसायचा. शेवटच्यातून बाहेर पडणारं पाणी तरीही तांबडंच. पाँड मेमध्ये उपसायचे असं कागदावर असायचं आणि नेमकी त्याच महिन्यात सगळी पोकलेन पाऊस यायच्या आत माल काढण्यात गुंतलेली. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या. डंप जागेवरच आहेत आणि दर पावसात थोडे थोडे खाली येतात.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की माती जागची सुटू द्यायची नाही. एकदा सुटली की त्यातला भरड भाग तेवढा तुमच्या हाती लागतो, बारीक सगळा व्हाळाचा. आधी वरचं पाणी वळवा, मग उघडी जमीन झाका, त्यातूनही जे सुटेल त्यासाठी पाँड, आणि नेट सगळ्यात शेवटी. लोक उलट्या टोकाने सुरू करतात कारण नेट स्वस्त असते आणि रस्त्यावरून दिसते.

खाजनकर | २५ एप्रिल, दुपारी १:२०

मी व्हाळाच्या खालच्या टोकाला राहणारा. धागा वाचून बरं वाटलं, निदान कोणीतरी पावसाआधी विचारतोय.

खाली काय होतं ते सांगतो, कारण वर काम करणाऱ्यांना ते दिसत नाही. आमचं खाजन, म्हणजे खाडीकाठची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेती. बांध, पोंय (आतलं पाणी साठतं तो खोलगट भाग) आणि मानस (बांधातलं पाण्याचं दार). मानशीची लाकडी दारं भरतीला खारं पाणी आत रेटायला लागलं की आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी बाहेर पडताना उघडतात. माणूस लागत नाही, पाण्याचा जोरच ते करतो. पण दार टेकतं त्या उंबऱ्यावर वीतभर तांबडा चिखल बसला की दार पुरतं मिटत नाही. बोटभर फट राहते. प्रत्येक भरतीला त्या फटीतून खारं पाणी आत येतं, दिवसातून दोनदा. कोरगुट (आमचं खाजनातलं भात) खारं सोसतं म्हणतात, पण रोपं कोवळी असताना किती सोसणार?

दोन वर्षांमागे वरच्या बाजूला एका बिल्डरने डोंगर कापला. त्या पावसात पोंयीत कमरेइतका गाळ आला. शेतात आला तो वेगळा. वाळल्यावर वर कवच धरतो, नांगर लागला की ढेपळं निघतात. डोंगराची माती म्हणजे खत, असं एक जण मला ऐकवून गेला. वरची काळपट माती आली असती तर मीही तसंच म्हटलं असतं. ही आतली माती, हिच्यात खत कसलं.

चिरेबंदी, तुम्ही म्हणता बिलात बाब नाही. पोंय उपसायचं बिल आम्ही भरलं.

चिरेबंदी | २५ एप्रिल, दुपारी २:०५

काका, राग मानू नका. मी केलं असं नाही म्हणत, का होत नाही ते सांगतोय. पैसे धरले तर आम्ही दगडाचा बांध काय, पाँड काय, सगळं बांधून देऊ.

अबोली_फोंडा | २५ एप्रिल, सायंकाळी ६:४०

मध्येच विचारते. आमचं फोंड्याला घराचं काम सुरू आहे, प्लॉट जेमतेम ५०० चौरस मीटरचा. पायाची माती गेटजवळ ढीग करून ठेवलीय, शेजारी पंचायतीचं गटार. एवढ्याशा कामाला पाँड-बिंड लागतात का? की हे सगळं मोठ्या साइटवाल्यांचं?

गाळमास्तर | २५ एप्रिल, रात्री ८:१५

ताई, पाँड नको, पण ढीग आज हलवा. गटारापासून शक्य तेवढा लांब, प्लॉटच्या वरच्या कोपऱ्यात न्या. त्याच्या वरच्या अंगाला नांगराच्या तासाएवढा चर काढा म्हणजे पाणी ढिगावरून न जाता बाजूने जाईल. वर ताडपत्री घाला आणि कडा चिऱ्यांनी दाबा, नुसती पसरू नका, पहिल्या वाऱ्याला उडते. पायाची माती नंतर भरावाला लागणारच आहे. ती गटारात घालवून पुन्हा ट्रकने विकत आणायची, हे गोव्यात निम्म्या घरांचं होतं.

वाळू आणि क्रशर पावडर रस्त्यावर उतरवून घेऊ नका. सिमेंटचं धुणं-पाणी गटारात सोडायला गवंड्याला मनाई करा, एका खड्ड्यात साठवा. ते पाणी क्षारधर्मी असतं, माशांना मातीहून वाईट.

कुळागरकार | २६ एप्रिल, सकाळी ९:५०

लेव्हलट्यूब, कोडमध्ये नाही असं मात्र नका म्हणू. काथ्याच्या जाळीला आपल्याकडे आयएस (भारतीय मानक) १५८६९ आहे, तिचं नावच 'भूवस्त्र'. उतारावर ती कशी घालायची त्याला आयएस १५८७२. रस्त्याच्या उतारांसाठी आयआरसी (इंडियन रोड्स काँग्रेस) ५६. ही छापलेली आहेत, उघडून कोणी बघत नाही एवढंच.

तुमच्या कापलेल्या उतारांना मी काथ्याची जाळीच सुचवेन. ४००, ७०० आणि ९०० ग्रॅम प्रति चौरस मीटर अशा जाडीत येते. सौम्य उताराला ४०० चालते, तुमच्या कापणीला ७०० च्या खाली जाऊ नका. तागाच्या जाळीपेक्षा काथ्या उशिरा कुजतो, दोन-तीन पावसाळे काढतो. तोवर खाली गवत धरतं आणि मग जाळी मातीतच जाते. प्लास्टिकसारखी ओढून काढावी लागत नाही.

फक्त घालायची नीट. आधी उतारावरचे सुटे दगड आणि ढेपळं काढून पृष्ठभाग सारखा करायचा. माथ्यावर फूटभर चर खणून जाळीचं टोक त्यात पुरायचं, दगड-मातीने दाबायचं, मग गुंडाळी वरून खाली सोडायची. आडवी कधीच नाही. दोन पट्ट्यांची कड एकमेकीवर वीतभर यायला हवी. दर मीटरला यू आकाराची खिळ. आणि मातीला चिकटून बसलीय ना हे हाताने चाचपायचं. जाळी आणि माती यांत बोट जात असेल तिथे पाणी जाळीखालून वाहणार आणि वरून सगळं छान दिसत राहणार.

जाळीखाली बी टाका. धैंचा, ताग, नाचणी, जे मिळेल ते. पहिल्या सरीला उगवतं. कायमचं म्हणाल तर वाळा. त्याची मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात, काही वर्षांत तीन मीटरपर्यंत. समपातळी रेषेवर ओळी धरायच्या, ओळीत दहा-पंधरा सेंटीमीटरवर ठोंब. विरळ लावाल तर मधून पाणी जाईल आणि तिथेच घळ पडेल. आणि वाळ्याला ऊन लागतं, काजूच्या सावलीत तो रडतो.

एक धोक्याची सूचना. वाळा पहिल्या पावसाळ्यात काही धरून ठेवत नाही. जूनमध्ये ठोंब लावून जुलैत "वाळा फेल गेला" म्हणणारे मला दरवर्षी भेटतात.

तांबडी_वाट | २६ एप्रिल, सकाळी ११:३०

हे सगळं मलमपट्टीचं काम झालं. मुळात डोंगर कापायला परवानगी देतं कोण? नगर नियोजन कायद्याचं कलम १७(२) काय, ३९अ काय, रोज कुठली तरी हिरवी जमीन सेटलमेंटमध्ये (बांधकामाच्या झोनमध्ये) चाललीय. तुम्ही इथे जाळ्यांचे ग्रॅम मोजत बसा!

लेव्हलट्यूब | २६ एप्रिल, दुपारी १२:१०

बरोबर आहे हो, पण माझा डोंगर कापून झालाय. आता मी काय करू ते सांगा.

जुनाखातेदार | २६ एप्रिल, दुपारी ३:४५

तांबडी_वाट, राजकारण बाजूला ठेवून कायद्यापुरतं बोलतो. नगर नियोजन कायदा १९७४ चा. त्यातलं कलम १७अ म्हणतं की डोंगरउतार कापायचा किंवा सखल जमीन भरायची तर मुख्य नगर नियोजकांची आगाऊ परवानगी हवी. प्रादेशिक आराखडा २०२१ ने २५ टक्क्यांहून तीव्र उतार विकासाबाहेर ठेवले. २०,००० चौरस मीटरहून मोठ्या बांधकामाला २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी लागते. अशा मंजुऱ्यांच्या अटींत वरची २० सेंटीमीटर माती वेगळी काढून जपून ठेवायची आणि पुन्हा वापरायची हेही येतं.

पण गोव्यातली बहुतेक कामं त्या मर्यादेच्या खालची. तिथे परवानगीचा कागद कापण्याच्या दिवसापर्यंतचा विचार करतो. कापल्यावर पहिल्या पावसात त्या जमिनीवर काय असावं, यावर कोणी सही घेत नाही. दुसरीकडे, सांडपाणी नदीनाल्यात सोडताना तरंगत्या कणांची मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम आहे. उघड्या साइटवरचं पावसाचं पाणी सहज हजारांत जातं, पण ते 'सांडपाणी' म्हणून कोणी मोजतच नाही.

धागा-देखरेख | २६ एप्रिल, दुपारी ४:००

१७(२) आणि ३९अ वर स्वतंत्र धागा सुरू आहे, ती चर्चा तिकडे करावी. इथे कामाच्या पद्धतींवर बोलू.

लेव्हलट्यूब | २८ एप्रिल, रात्री ९:२५

बाटली ठेवली. गाळमास्तर म्हणाले तसंच झालं, दुसऱ्या दिवशी स्ट्रॉबेरी मिल्कशेक. मालकांनी ती उचलून उजेडात धरली आणि पहिला प्रश्न "किती खर्च?" हा केला. म्हणजे अर्धं काम झालं.

आता माझा आराखडा मांडतो, फाडून काढा.

वर सड्याच्या बाजूने कॅच ड्रेन (वरून येणारं पाणी अडवून वळवणारा चर), कापणीच्या कडेपासून तीनेक मीटर मागे. पाण्याच्या नळीने लेव्हल मारून शंभरात एक उतार. सड्याचं स्वच्छ पाणी प्लॉटमध्ये न येता बाजूच्या जुन्या ओहोळात जाईल. दोन्ही कापणींवर ७०० ग्रॅमची काथ्याची जाळी. आतल्या रस्त्याच्या गटारात दगडांचे छोटे बांध. खालच्या कोपऱ्यात पाँड, १२ मीटर × ६ मीटर × दीड मीटर, म्हणजे साधारण १०० घनमीटर. अमेरिकेतला ठोकताळा एकराला ३,६०० घनफूट, त्यावरून काढलं. पाँडच्या खालून कापडी कुंपण.

गाळमास्तर | २९ एप्रिल, सकाळी ७:१०

चांगलं आहे. आता फाडतो.

कॅच ड्रेन तुमच्या त्या मऊ मातीतून जात असेल तर तिला अस्तर हवंच, सिमेंटचं किंवा निदान दगडी. बिनअस्तराच्या चरातलं पाणी कापणीच्या मागे मुरतं, गुलाबी माती भिजून फुगते आणि कडा चरासकट खाली बसते. पाणी वळवायला काढलेल्या चरानेच दरड आणलेली मी पाहिली आहे. जिथे ती ओहोळात उतरते तिथे काळ्या दगडाचं पिचिंग (दगड रचून केलेलं अस्तर) करा, नाहीतर तुमची धूप शेजाऱ्याच्या हद्दीत सरकवल्यासारखं होईल.

१०० घनमीटर म्हणजे तुमच्या प्लॉटवरचा २५ मिमी पाऊस. जुलैत एखाद्या सकाळी एवढा तासाभरात पडतो. म्हणून तर वरचं पाणी बाहेरून काढायचं, नाहीतर पाँड भरून नुसता वाहील. पाणी शिरतं ते तोंड आणि बाहेर पडतं ते तोंड लांबीच्या दोन टोकांना ठेवा, शेजारी शेजारी नको. मध्ये काथ्याचा आडवा पडदा टाका, पाणी वळसा घेईल. सांडव्याला दगड. अर्धा भरला की उपसायचा, आणि उपसलेला गाळ पाँडच्या काठावर टाकायचा नाही. हे सांगायला लागू नये, पण लागतं.

दगडी बांध: खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत यायला हवा. तुमची नळी आहेच. मध्यभाग कडांपेक्षा वीतभर खाली ठेवा. सपाट बांधला तर पाणी कडेने जाऊन गटाराची भिंत खातं.

कुळागरकार | २९ एप्रिल, सकाळी १०:३०

कुंपणाबद्दल मी जोडतो. शेडनेट नको, विणलेलं जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं मातीकामाचं कापड) घ्या. खालची कड १५ सेंटीमीटर खोल, तेवढ्याच रुंद चरात पुरून माती ठोकून बसवा. दहापैकी नऊ कुंपणं इथेच फसतात. कड नुसती जमिनीला टेकलेली असते आणि पाणी तिच्याखालून निघून जातं. खांब दोन मीटरच्या आत, पाण्याच्या उलट अंगाला. दोन्ही टोकं उताराच्या वरच्या दिशेने वळवा म्हणजे पाणी टोकाला वळसा घालून पळणार नाही. ३० मीटर कुंपणामागे १,००० चौरस मीटरपेक्षा जास्त जमीन नको. आणि व्हाळात किंवा गटारात आडवं कधीच लावायचं नाही. ते पसरून येणाऱ्या पाण्यासाठी असतं, धारेसाठी नव्हे.

चिरेबंदी | २९ एप्रिल, रात्री ९:००

सगळं पाँड-बांधाचं चाललंय, ट्रकचं कोणी बोलत नाही. पावसात साइटवरून निघालेला डंपर चाकाला जेवढी माती घेऊन जातो तेवढी तुमच्या कुंपणातून महिनाभरात जात नसेल. डांबरी रस्त्यावर दोनशे मीटर तांबडा पट्टा, त्यावर स्कूटरवाले घसरतात आणि सर आली की सगळं पंचायतीच्या गटारात.

गेटला १५ मीटर लांब, वीतभर जाड खडीचा पट्टा करा. पाच ते आठ सेंटीमीटरचा दगड, खाली जिओटेक्स्टाइल, नाहीतर खडी चिखलात बुडते. आणि दगड काळाच घ्या. साइटवर निघालेले जांभ्याचे तुकडे फुकट म्हणून लोक तेच टाकतात. आठवड्यात चाकांखाली त्यांचं पीठ होतं, मग चिखल दुप्पट. येण्याजाण्याचं गेट एकच ठेवा. दुसरं उघडलं की ड्रायव्हर तिकडूनच जाणार, तो काही तुमचा जावई नाही ऐकायला.

आणि हो, मेमध्ये पैसे मोजा. जूनमध्ये मागाल तर दगडही मिळत नाही, माणसंही.

पणजीकर_आर्किटेक्ट | ३० एप्रिल, दुपारी १२:५०

चर्चा छान चाललीय, पण दोन टप्पे एकदम का कापले हा प्रश्न कोणी विचारला नाही. पहिला टप्पा कापून, भिंत घालून, झाकून मग दुसरा, असा क्रम धरला असता तर उघडी जमीन निम्मी राहिली असती. आपल्याकडे नोव्हेंबर ते मे हा कोरडा काळ सलग मिळतो, सगळ्या देशाला मिळत नाही. तरी कापणी एप्रिलमध्ये का सुरू होते?

चिरेबंदी | ३० एप्रिल, दुपारी १:१५

कारण तुमचे नकाशे मार्चमध्ये पास होतात, साहेब. पोकलेनचं भाडं तासावर. एकदा चढवलं की दोन्ही टप्पे एका दमात, दुसऱ्यांदा कोण आणणार?

पणजीकर_आर्किटेक्ट | ३० एप्रिल, दुपारी १:४०

नकाशांचं मान्य. पण पोकलेनचं दुसरं भाडं आणि जाळी-पाँड-कुंपणाचा हा सगळा खर्च शेजारी मांडून बघा एकदा. माझ्या अंदाजाने भाडं स्वस्त पडतं.

अबोली_फोंडा | ३ मे, सकाळी १०:०५

ढीग हलवला, ताडपत्री घातली. गवंडी म्हणतो "बाय, तुमी भोवच वाचतात" (ताई, तुम्ही फारच वाचता). काय बोलणार. पाँडमध्ये तुरटी टाकली तर माती लवकर बसेल का? घरी विहिरीच्या पाण्याला टाकतोच आपण.

गाळमास्तर | ३ मे, सकाळी ११:३०

बसते, खाणीवर वापरलीय. चिकणमातीचे कण एकमेकांना दूर ढकलतात, तुरटी ते ढकलणं मोडते, गाठी होतात आणि गाठी जड म्हणून खाली बसतात. पण अंदाजपंचे टाकायची नाही. एकाच पाण्याच्या चार-पाच बाटल्या घ्या, प्रत्येकीत वेगळं प्रमाण, कुठल्या बाटलीत आधी निवळतं ते बघा. जास्त झाली की पाणी आम्लधर्मी होतं. बंद पाँडमध्येच, आणि बाहेर सोडण्याआधी पीएच बघून. वाहत्या व्हाळात थेट टाकणारा कोणी भेटला तर त्याचा हात धरा.

लेव्हलट्यूब | ११ जून, रात्री १०:५०

देव बरें करूं, सगळ्यांना. पहिल्या मोठ्या सरींनंतरची हकिकत.

कॅच ड्रेनला सिमेंटचं अस्तर केलं आणि पहिल्याच रात्री तिचा उपयोग कळला. सड्याचं पाणी नितळ, जवळजवळ रंग नसलेलं, ओहोळात गेलं. हे पाणी कापणीवरून उतरलं असतं तर काय झालं असतं ते शेजारच्या साइटवर बघायला मिळतंय. काथ्याची जाळी अलप्पुळाहून मागवली, उशिरा आली, म्हणून खालच्या टप्प्याची एक बाजू ताडपत्रीवर भागवली. जाळीखाली धैंचा बोटभर वर आलाय. ताडपत्रीच्या बाजूला, जिथे कड सुटली, तिथे हात जाईल एवढी घळ एका रात्रीत पडली.

पाँडचं पाणी गुलाबीच बाहेर पडतंय. भरड सगळं आत बसलंय, बारीक जातंय. पण शेजारच्या साइटचं आणि आमचं पाणी व्हाळात मिळतं त्या जागी उभं राहिलं की फरक डोळ्यांना दिसतो.

नवीन अडचण: लिफ्टच्या खड्ड्यात पाणी भरतंय. पंप लावला की थेट चिखल बाहेर येतो. तो कुठे सोडू?

गाळमास्तर | १२ जून, सकाळी ७:००

फुटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपचं पाणी ओढणारं तोंड) तळाला ठेवलाय ना? वर घ्या. रिकाम्या बॅरलला बांधून तरंगता ठेवा, वरचं निवळ पाणी ओढेल. पंप सुरू करण्याआधी रात्रभर खड्डा ढवळू देऊ नका. पाइपचं तोंड गटारात नको. जिथे गवत दाट आहे अशा सपाट जागी पसरून सोडा किंवा पाँडच्या शिरण्याच्या तोंडाशी. तळाचा शेवटचा हातभर चिखल पंपाने काढायचाच नाही, घमेल्याने काढा.

खाजनकर | १२ जून, दुपारी १:३०

व्हाळ बघून आलो. तुमच्या बाजूचं पाणी खरंच बरं आहे, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या बाजूचं रक्तासारखं. व्हाळात दोन्ही मिसळतं आणि मानशीपुढे चिखल बसतोच आहे. पावसात काही करता येणार नाही, पण चवथ (गणेशचतुर्थी) झाली, पाणी उतरलं की तो उपसायला तुमच्या मालकांकडून काही होईल का? शेजारच्या साइटवाल्यांनाही तुम्हीच विचारा, आमचा फोन ते उचलत नाहीत.

लेव्हलट्यूब | १२ जून, रात्री ९:१५

काका, मालकांशी बोललो. आमच्या वाट्याचं करायला ते तयार आहेत. शेजारच्या साइटच्या इंजिनिअरला उद्या बाटली घेऊन भेटतो. बांधावरून पोकलेन नेता येईल का, की वजनाने बांध बसेल?

खाजनकर | १२ जून, रात्री ९:४०

मोठं मशीन नको, बांध मातीचा आहे. छोटं चालेल, नाहीतर माणसं आणि पाट्या. ओहोटीची वेळ मी सांगतो.

चिरेबंदी | १२ जून, रात्री १०:०५

छोटं मशीन माझ्याकडे आहे. डिझेल कोण घालणार ते तेवढं आधी ठरवा.